अस्तर : साठवणुकीचे की अडवणुकीचे?

जमिनीत खोदलेल्या साध्या खड्ड्याचे रूपांतर पाण्याच्या भांड्यात करण्याची किमया प्लॅस्टिकच्या लवचीक अस्तराने साधली आहे. महाराष्ट्रातील शेतकरी त्याला सुटसुटीतपणे ‘कागद’ म्हणतो. शेततळी, पाणी वाहून नेणाऱ्या चाऱ्या, मातीविना शेतीचे वाफे, पोहण्यासाठी बांधलेले नैसर्गिक तलाव अशा अनेक ठिकाणी आज हा कागद अंथरला जातो. त्यासाठीचे कर्जप्रस्ताव बँकांकडेही येतात. कागदाची जाडी किती, दर काय, तो किती वर्षे टिकेल, या प्रश्नांची उत्तरे प्रस्तावात नेटकेपणाने दिलेली असतात. परंतु त्या सर्वांच्या आधी विचारावयास हवा असा एक प्रश्न आहे. हे अस्तर कोणते पाणी, कोणापासून वेगळे ठेवणार आहे?

या प्रश्नाचे महत्त्व समजण्यासाठी तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूरचे उदाहरण उपयोगी पडते. चेन्नईच्या नैऋत्येस सुमारे चाळीस किलोमीटरवर वसलेले हे गाव रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून भारतभर परिचित आहे. अलीकडच्या काळात मोटारी व इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या कारखान्यांमुळे ते औद्योगिक नकाशावरही आले. तथापि या परिसराची जुनी संपत्ती म्हणजे येथील ‘एरी’, अर्थात मातीचा बांध घालून अडविलेले तलाव. श्रीपेरुंबुदूर, पिळ्ळैपाक्कम आदी तलाव भरून वाहू लागले की त्यांचे जादा पाणी चेंबरंबक्कम या विशाल तलावात पोहोचते. सुमारे ३.६ अब्ज घनफूट क्षमतेचा हा तलाव चेन्नईच्या पिण्याच्या पाण्याचा एक प्रमुख आधार आहे.

या तलावांच्या तळाशी कोणतेही अस्तर नाही. साचलेल्या पाण्याचा काही अंश जमिनीत मुरतो आणि भोवतालच्या विहिरींना पाझर फोडतो. केवळ तलावाचा ताळेबंद पाहणाऱ्यास ही गळती वाटेल. परंतु साऱ्या पंचक्रोशीचा ताळेबंद मांडला तर तीच रक्कम विहिरींच्या खात्यावर जमा झालेली दिसते.

हिशेबाची ही दृष्टी त्या प्रदेशाला नवी नाही. याच कांचीपुरम जिल्ह्यातील उत्तिरमेरूर येथे चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील, दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील शिलालेख आहेत. ग्रामसभेच्या समित्यांसाठी चिठ्ठ्या टाकून सदस्य कसे निवडावेत, याचे नियम त्यांत कोरलेले असून त्या समित्यांत तलाव समितीचाही समावेश आहे. पूर्वी समितीवर काम करून ज्याने हिशेब सादर केला नाही, तो स्वतः आणि त्याचे नातलगही पुढील निवडीस अपात्र ठरत. पाणी ही सामाईक ठेव आहे आणि ठेवीचा हिशेब द्यावाच लागतो, हे तत्त्व तेथे अकराशे वर्षांपूर्वी दगडावर कोरले गेले.

महाराष्ट्राची भूमी मात्र वेगळी आहे. येथील बहुतांश भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा. खडकाच्या पोटात पाणी साठण्यास जागा थोडी आणि वरच्या मुरमातून ते झिरपून जाण्याचा वेग मोठा. अशा जमिनीत नुसते खोदलेले तळे बहुधा हिवाळ्यातच कोरडे पडते. म्हणून पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी अडवून ते कागदावर साठविणे हा अवर्षणप्रवण भागासाठी खरोखर मोलाचा उपाय आहे. राज्य शासनाने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केली, त्यात खोदाईसाठी कमाल पन्नास हजार रुपयांचे अनुदान होते. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल अशा उतरत्या बाजूंच्या तळ्यात सुमारे बावीस लाख लिटर पाणी मावते. नाशिक, सांगली, सोलापूर व जालना जिल्ह्यांतील कित्येक द्राक्ष व डाळिंब बागा अशा साठ्याच्या बळावर उन्हाळा तरून गेल्या आहेत.

अडचण पुढे आहे. अनेक ठिकाणी ही तळी पावसाच्या पाण्याने नव्हे, तर विहिरी व कूपनलिका उपसून भरली जातात. ईश्वर काळे यांनी जानेवारी २०१७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तील लेखात या प्रथेकडे लक्ष वेधले होते. येथे साधे अंकगणित पुरेसे आहे. उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर उपरोक्त आकाराच्या काठोकाठ भरलेल्या तळ्यातून रोज सुमारे सात हजार लिटर पाणी हवेत जाते. तीन महिन्यांत पातळी जवळजवळ पाऊण मीटर उतरते. तळ्याची रुंदी वरच्या बाजूस अधिक असल्याने एकूण साठ्याच्या पाव हिश्श्याहून अधिक पाणी पिकाला न मिळताच नाहीसे होते. खडकाच्या सावलीत सुरक्षित असलेले पाणी वीज खर्चून वर आणावयाचे आणि उन्हात ठेवावयाचे, हा व्यवहार कोणत्याही लेखापालास मान्य होणार नाही. शिवाय जे पाणी खाली असताना शेजाऱ्याच्या विहिरीचेही होते, ते कागदावर येताच एकट्याचे होते. साठवणुकीचे अस्तर अडवणुकीचे होते ते या क्षणी.

यावर शेतकऱ्याची बाजूही ऐकावयास हवी. विजेचा भरवसा नाही, उन्हाळ्यात कूपनलिका आटते, आणि आज आपण पाणी उपसले नाही तर शेजारी उपसणार आहे. ही भीती खोटी नाही. म्हणूनच एकट्यादुकट्याच्या संयमाने हा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी गावाने एकत्र बसावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा निर्णय केला आणि उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची शिस्त पाळली. उत्तिरमेरूरच्या तलाव समितीमागील विचार येथे नव्या रूपात दिसतो.

हीच कसोटी अस्तराच्या अन्य उपयोगांनाही लागू पडते. श्रीपेरुंबुदूरसारख्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्याचे सांडपाणी साठविणाऱ्या तळ्यास अस्तर हवेच. कारण तेथे ते भूजलाचे रक्षण करते. मातीविना शेतीत पोषक द्रव्ये मिसळलेले पाणी अस्तराच्या वाफ्यात पुनःपुन्हा फिरविले जाते, म्हणजे थोडक्या पाण्यात अधिक काम होते. नैसर्गिक जलतरण तलावात रसायनांऐवजी पाणवनस्पती पाणी स्वच्छ राखतात. १९८०च्या दशकात ऑस्ट्रियात रुजलेली ही कल्पना सुंदर आहे, परंतु टंचाईच्या गावी तो तलाव टँकरने भरावा लागणार असेल तर तिचे सौंदर्य लोप पावते. पाणी वाहून नेणाऱ्या चरांची गोष्ट निराळी. तीव्र उतारावर अस्तर मातीची धूप थांबविते. मात्र सर्वच चर आतून बंद केले तर पाणी न मुरता वेगाने पुढे धावते. डिसेंबर २०१५ मध्ये महापुरात बुडालेले चेन्नई शहर जून २०१९ मध्ये टँकरच्या रांगेत उभे होते. या दोन्ही संकटांना कारणे अनेक होती. परंतु पाणी मुरण्याच्या जागा आक्रसणे हे दोहोंना जोडणारे एक सूत्र आहे.

या विवेचनाचा बँकव्यवहाराशी संबंध थेट आहे. भूजलावर भरलेले तळे भूजल आटताच रिकामे होते. उन्हात उघडा पडलेला कागद लवकर जीर्ण होतो. कर्जाचा हप्ता मात्र आटत नाही. नव्या विहिरीच्या कर्जासाठी त्या पाणलोटातील भूजलाची स्थिती पाहिली जाते. तळ्याच्या अस्तरासाठीही तीच दृष्टी ठेवणे कर्जदाराच्या हिताचे आहे. तळ्याकडे पावसाचे किती पाणी वाहून येईल? ते न आल्यास तळे कशाने भरणार? साठविलेल्या पाण्यावर कोणते पीक, किती क्षेत्रावर घेणार? या तीन प्रश्नांची उत्तरे अर्जासोबत घ्यावीत आणि पावसाच्या पाण्यावर भरणाऱ्या तळ्यास प्राधान्य द्यावे. कागदावरून पाय घसरल्यास पोहणाऱ्यासही वर येणे कठीण जाते, आणि अशा तळ्यांत मुले व मोठी माणसेही बुडाली आहेत. तेव्हा भोवतीचे कुंपण व आत सोडलेला गाठींचा दोर यांचा खर्च प्रकल्पखर्चातच धरावा. तो ऐच्छिक मानू नये.

अस्तर स्वतः निर्दोष आहे. वाहून जाणारे पाणी धरून ठेवण्यासाठी ते अंथरले, तर गावाच्या एकूण पाण्यात भर पडते. भूगर्भातील पाणी वर काढून अडविण्यासाठी अंथरले, तर सर्वांच्या खात्यातून काढलेली रक्कम एकाच्या नावे जमा होते. कागद दोन्हीकडे एकच असतो. कर्ज मंजूर करणाऱ्याने आणि घेणाऱ्याने हा फरक खोदाई सुरू होण्यापूर्वी पाहावा, कारण कागद अंथरल्यानंतर तळे कोणत्या पाण्याने भरले हे वरून ओळखता येत नाही.