टेस्लाची काच अपडेटने सुधारली, जुन्या गाडीचं काय?

सप्टेंबर २०२२ मध्ये टेस्लाने अमेरिकेत सुमारे ११ लाख गाड्या रिकॉल केल्या. वर जाणारी काच मध्ये बोट आलं तर नीट मागे फिरेलच, याची खात्री नव्हती. उपाय काय? फोनला येतो तसा सॉफ्टवेअर अपडेट!

१९६०-७० च्या दशकातल्या अमेरिकन क्लासिक गाड्यांना ही सोय नाही. तिथे फक्त स्विच, मोटर आणि काच उचलणारा रेग्युलेटर. बोट अडकलंय हे मोटरला कळतच नाही.

दुरुस्तीतला मोठा धोका दाराच्या आत असतो. अनेक मॉडेल्समध्ये काचेचं वजन पेलायला रेग्युलेटरवर घट्ट ताणलेली स्प्रिंग असते. मोटर काढली की तिला अडवणारं काही उरत नाही. दातेरी पट्टी झटक्यात फिरते आणि हाताला गंभीर इजा होऊ शकते.

म्हणून आधी स्विच, फ्यूज आणि वायरिंग तपासा; कधीकधी मोटर काढायची गरजच नसते. काढावीच लागली तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा, काच वरच्या बाजूला टेपने पक्की करा, दातेरी पट्टी बोल्ट घालून जाम करा. मगच मोटरला हात लावा.

आणि स्विच? अमेरिकेत नव्या गाड्यांत काच बंद करायला तो ओढावा लागतो, कारण जुने स्विच मुलांच्या गुडघ्यानेही दाबले जायचे. जुन्या गाडीत मात्र मुलं बसली की लक्ष तुम्हालाच ठेवावं लागेल. त्याला अपडेट नाही.