रेल्वे मंजूर झाली, मग आता सह्या कशावर करायच्या?

शिरपूर : मनमाड-इंदूर रेल्वेसाठी आपल्या भागाने कित्येक वर्षं निवेदनं दिली. 2 सप्टेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. 309 किलोमीटर, 30 नवी स्टेशनं, 18 हजार 36 कोटी खर्च आणि 2028-29 पर्यंत काम पूर्ण करायचं उद्दिष्ट. आता सह्या करून काय उपयोग, असं कोणालाही वाटेल. पण खरी गरज आताच आहे.

आधी मागचं बघू. ऑगस्ट 2018 मध्ये याच मार्गासाठी केंद्र आणि दोन्ही राज्यांचा करार झाला होता. तेव्हा खर्च धरला होता साडेआठ हजार कोटींच्या आसपास. सहा वर्षांत तो दुपटीवर गेला. "रेल्वे पाहिजे" एवढंच लिहिलेल्या निवेदनाला "विचाराधीन आहे" हे उत्तर पुरतं. तारीख, कागद, अधिकारी काहीच त्यात अडकत नाही.

याउलट मागच्या वर्षीचं उदाहरण घ्या. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा सुधारित जीआर 17 जून 2025 ला निघाला आणि 29 जूनला, एप्रिलच्या जीआरसकट, मागे घेतला गेला. पालक, शिक्षक, लेखक, पक्ष सगळे एकत्र होते हे खरं. पण मागणीही एकच होती, जीआर रद्द करा. आणि दुसऱ्या दिवशी विधिमंडळाचं अधिवेशन सुरू होणार होतं. नेमकी मागणी आणि नेमकी वेळ, दोन्ही जुळलं.

आपल्या रेल्वेत अशी वेळ भूसंपादनात येते. रेल्वे कायद्याच्या कलम 20 ए ची अधिसूचना निघाली की हरकतीला 30 दिवस मिळतात. नंतर 20 ई ची घोषणा झाली की जमीन सरकारची. म्हणजे गावात फलक कधी लागतो याची वाट बघत बसलं तर मुदत हातची जाते. इथे एकच गठ्ठा सह्या देऊन भागत नाही. ज्याचा गट त्याची हरकत, लेखी आणि कारणासह. विहीर, पाईपलाईन, झाडं सातबाऱ्यावर लागलेली आहेत का, ते आजच बघून घ्या.

सामुदायिक सह्या कामाच्या आहेत त्या गावाच्या प्रश्नांना. बोगद्यातून कापसाची भरलेली गाडी जाईल का, नाल्याचं पाणी कुठे निघेल, शिवाराचा रस्ता तुटतोय का, स्टेशन कुठे होणार. त्याला ग्रामसभेचा ठराव जोडा. तालुक्यातल्या पेसा गावांत तर भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करणं 1996 च्या कायद्यानेच सांगितलंय.

अजून एक. लोकसभेत याचिका समिती आहे. नागरिकांची याचिका खासदाराच्या प्रतिस्वाक्षरीने सभागृहात मांडता येते. शिरपूर नंदुरबार मतदारसंघात, नरडाणा मात्र धुळ्यात. रेल्वे एकच, खासदार दोन. मग दोन्हीकडच्या गावांनी एकच मसुदा दोघांना द्यावा, म्हणजे टोलवाटोलवीला जागा उरत नाही.

एकट्या माणसाची काय गत होते ते आपल्या जिल्ह्याने पाहिलंय. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे धर्मा पाटील वीज प्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी वाढत्या वयात कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले. जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतलं आणि 28 जानेवारीला ते गेले. त्यांच्या अर्जांना वेळेवर उत्तर मिळालं असतं तर ही वेळ आली नसती.

म्हणून व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर नाव टाकलं म्हणजे काम झालं असं समजू नका. कागद तयार करा, नाव आणि गट नंबर लिहा, कचेरीत देऊन आवक शिक्क्याची पोच घ्या. महिन्याभरात हालचाल नाही झाली तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि विचारा, आमचं निवेदन कोणत्या टेबलावर आहे? उत्तर देणाऱ्याला आपलं नाव लिहावं लागतं. तिथून फाईल हलायला लागते.