थंडीआधीचे पाहुणे

दिल्लीत पक्षी बघायचे म्हणजे डिसेंबरचं धुकं, स्वेटर आणि बदकांचे थवे, असं आपण धरूनच चालतो. पण उत्तरेकडचे पहिले पाहुणे त्याच्या कितीतरी आधी येतात. घरात गणपती बसलेले असतात, उकाड्याने जीव नकोसा झालेला असतो आणि तिकडे यमुनेकाठच्या चिखलात तुतारी उतरलेली असते. वाजवायची नव्हे, तुतारी नावाचा पक्षी!

तिला पाहायला नोएडाच्या ओखला पक्षी अभयारण्यात जा. बंधाऱ्यामुळे यमुनेचं पाणी अडून हा तलाव झाला आणि १९९० मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. मेट्रोच्या मजेंटा लाइनवर याच नावाचं स्टेशन आहे. गुरुग्रामजवळचं सुलतानपूर उद्यान पावसाळ्यात पक्ष्यांच्या विणीसाठी सहसा बंद असतं आणि ऑक्टोबरमध्ये उघडतं. म्हणून सप्टेंबरमध्ये ओखलाच बरं.

सकाळी लवकर पोहोचा. ऊन पाठीशी ठेवा आणि पाण्याच्या मध्यभागी नाही, तर काठाच्या चिखलाकडे बघा. सतत शेपटी खालीवर हलवत चालणारा, खांद्यापाशी पांढरा पट्टा वर गेलेला छोटा पक्षी म्हणजे साधी तुतारी. पाठीवर फिकट ठिपके आणि पिवळसर पाय असतील, तर ती ठिपकेवाली तुतारी. वजन कोंबडीच्या अंड्याएवढं, पण ही जाते अंडी घालायला उत्तर युरोप आणि सायबेरियाच्या दलदलींत!

बदकांमध्ये आधी येतं भुवई बदक. मात्र आत्ता त्याची भुवई शोधू नका. विणीनंतर नराची पिसं गळून तो मादीसारखाच तपकिरी झालेला असतो. डोळ्यावरची ठळक पांढरी रेघ पुढे कधीतरी परत येते. मुलांना हे आधीच सांगा, म्हणजे ‘सगळी सारखीच दिसतात’ म्हणून ती कंटाळणार नाहीत.

आता या चिखलाबद्दल. आपल्याला तो घाण वाटतो, पण तुतारीचं ते जेवणाचं ताट आहे. तिचे पाय आखूड, चोच छोटी. खोल पाण्यात तिला काहीच मिळत नाही, उथळ काठावरचे किडे आणि अळ्याच मिळतात. जलपर्णीने काठ झाकला किंवा सुशोभीकरणासाठी तलावाला सिमेंटची भिंत घातली, की पाणी दिसतं, पण ताट रिकामं होतं. तुमच्या सोसायटीजवळच्या तलावाचा आराखडा चर्चेला आला, तर एक काठ तरी कच्चा आणि उतरता ठेवा, एवढं आवर्जून सांगा.

सोबत दुर्बीण, पाणी, पूर्ण बाह्यांचे फिकट कपडे आणि एक वही असू द्या. पक्ष्यांना बोलावायला मोबाइलवर त्यांचे आवाज लावू नका. वहीत मुलांना एकच नोंद करू द्या: यंदा पहिली तुतारी कोणत्या तारखेला दिसली. पुढच्या गणपतीत हीच वही उघडायची आहे.