रिकामे संगणक, चालू मीटर

बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळी येथील पतसंस्था, संगणक प्रशिक्षण वर्ग, सेवा केंद्रे आणि मोंढ्यातील मोठ्या अडती आज संगणकाशिवाय चालत नाहीत. पाच-दहा संगणक तारेने एकमेकांना जोडलेले असतात आणि सर्व हिशेब एका मुख्य संगणकावर असतो. संध्याकाळी शटर खाली ओढले जाते, कुलूप लागते. पण आतले संगणक पुष्कळ ठिकाणी रात्रभर चालूच राहतात. मालक समजतो, ऑपरेटरने बंद केले असतील. ऑपरेटर म्हणतो, सकाळी पुन्हा सुरू करण्यात वेळ जातो.

याचा हिशेब अवघड नाही. टेबलावरचा साधा संगणक पडद्यासह काहीही काम न करता साधारण ६० वॅट वीज घेतो असे धरू. दहा संगणक रात्रीचे १४ तास चालू राहिले तर ८.४ युनिट होतात. महिन्याच्या २५ रात्रींचे २१० युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी २,१०० रुपये महिना आणि वर्षाला २५,२०० रुपये. व्यापारी बांधवांनी आपल्या बिलावरील दर घालून हा आकडा स्वतः काढावा.

आपल्या जिल्ह्याने विजेची किंमत जवळून पाहिली आहे. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले होते. कोळशाबरोबर पाणीही जळते, तेव्हा वीज होते. ती रिकाम्या खुर्चीपुढे खर्च करणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

यावर उपाय संगणकातच आहे. काही वेळ कीबोर्ड-माउसला हात लागला नाही की पडदा बंद व्हावा, मग संगणक झोपी जावा, ही सोय विंडोजमध्ये फुकट मिळते. ठरलेल्या वेळी संगणक आपोआप बंद करण्याचे कामही त्यातील टास्क शेड्युलरवर सोपवता येते. परवानगी दिलेली असेल तर एका संगणकावरून जाळ्यातील बाकीचे बंद करता येतात.

मात्र सरसकट "अर्धा तास हात लागला नाही की बंद" असा नियम लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हात लागत नाही याचा अर्थ काम चालू नाही, असा होत नाही. एखाद्या संगणकावर लांबलचक छपाई चालू असते, कोठे डेटाची प्रत निघत असते. ऑपरेटर जेवायला गेला असेल आणि अर्धवट पावती पडद्यावर असेल. विंडोजच्या बंद करण्याच्या आज्ञेला काही सेकंदांची मुदत दिली, तर मुदत संपताच ती उघडे प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करते. न जतवलेले काम जाते. दहा रुपयांची वीज वाचवताना दिवसभराची नोंद गमावणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

म्हणून आम्ही पायऱ्यांची पद्धत सुचवतो. पाच मिनिटांनी पडदा बंद व्हावा. दहा मिनिटांनी संगणकाला पासवर्डचे कुलूप लागावे; सेवा केंद्रात लोकांची आधार आणि बँकेची कागदपत्रे उघडी असतात, तेथे तर हे फार जरुरीचे आहे. अर्ध्या तासाने संगणक झोपी जावा. पूर्ण बंद करणे मात्र दुकान मिटल्यानंतर, ठरलेल्या वेळी आणि आधी पडद्यावर सूचना देऊनच व्हावे. त्यातही क्रम पाळावा: आधी बाकीचे संगणक, मग डेटाची प्रत, शेवटी मुख्य संगणक. नोंद चालू असताना मुख्य संगणक बंद पडला तर हिशेबाची फाइल बिघडू शकते.

आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. झोपी गेलेल्या संगणकाची वीज तुटली तर स्मृतीतले काम नाहीसे होते. हायबरनेटमध्ये तेच काम डिस्कवर लिहून संगणक पूर्ण बंद होतो. म्हणून ज्यांच्याकडे भरवशाचा यूपीएस नाही, त्यांनी झोपेपेक्षा हायबरनेट निवडावे. यूपीएसला संगणकाशी जोडणारी केबल असेल तर तीही लावावी. बॅटरी संपत आल्याचे कळताच संगणक स्वतःच सावरून बंद होतो.

हे सर्व एका दुपारचे काम आहे. संगणक प्रशिक्षण वर्गांनी टायपिंग आणि हिशेबाबरोबर हा धडाही विद्यार्थ्यांना द्यावा; उद्या हीच मुले दुकानांत ऑपरेटर म्हणून बसणार आहेत. आणि मालकांनी ऑपरेटरवर रागावण्याआधी नियम कागदावर लिहून भिंतीला लावावा: कोणता संगणक, किती वाजता, कोणाच्या जबाबदारीवर बंद होईल. यंत्र नियम पाळते, पण तो ठरवावा माणसालाच लागतो.