कोरी चोपडी घालू का?

जंगल सत्याग्रहामुळे इतिहासात नोंदल्या गेलेल्या चिरनेर येथे एका जैन कुटुंबाचे किराणा व धान्याचे दुकान आहे. दुकानाचा हिशेब रोज रात्री बाह्य हार्ड डिस्कवर उतरवला जाई. पुढे संगणकात जागा अपुरी पडू लागली, तेव्हा मागील वर्षांचे हिशेब त्यातून पुसण्यात आले. जोडप्रत म्हणून ठेवलेली डिस्कच त्यामुळे एकमेव प्रत होऊन बसली; हे कोणाच्या ध्यानी आले नाही. दिवंगत वडिलांच्या आवाजातील काही ध्वनिमुद्रणेही तिच्यातच होती.

पावसाळ्यातील एका संध्याकाळी वीज गेली आणि आली. पडद्यावर प्रश्न उमटला : डिस्क फॉरमॅट करायची का? घाईत धाकट्या मुलाने ‘होय’ दाबले. जुनी खतावणी बाजूला सारून कोरी चोपडी घालू का, असेच ते यंत्र विचारत होते.

तरीही सर्व बुडाले नव्हते. झटपट फॉरमॅटमध्ये सामान्यतः केवळ अनुक्रमणिका जाते. पानांवरील मजकूर त्यावर नवे लिहिले जाईपर्यंत टिकून राहतो. खरे नुकसान पुढे झाले. मुलाने एक मोफत प्रोग्राम उतरवून घेतला व सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर साठवल्या. जी अक्षरे वाचायची, त्यांवरच नवी शाई ओतली गेली. अशा वेळी डिस्क तत्काळ काढून ठेवणे एवढेच करावयाचे असते. ‘टक् टक्’ आवाज येत असेल तर ती पुन्हा सुरूही करू नये. वाचणारे टोक तबकडीवर धुळीच्या कणाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. घरी पेचकस लावणाऱ्यांनी हे अंतर ध्यानी घ्यावे.

पनवेलच्या तंत्रज्ञाने आधी संपूर्ण डिस्कची दुसऱ्या डिस्कवर नक्कल घेतली आणि शोध त्या नकलेवर चालवला. हजारो फाइली परत आल्या, पण निनावी. नावांच्या जागी नुसते आकडे. प्रतिष्ठा महोत्सवाच्या छायाचित्रांचा खालचा अर्धा भाग करडा. हिशेबाची मुख्य फाइल तर उघडेचना.

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. बँकेचे खातेउतारे, भरलेली विवरणपत्रे, घाऊक व्यापाऱ्यांची बिले आणि सनदी लेखापालांकडील प्रती जुळवून खरेदी-विक्री कशीबशी उभी राहिली. उधारी मात्र कोणत्याच उताऱ्यात नव्हती. काही गिऱ्हाइकांनी आपण होऊन रक्कम सांगितली, काही गप्प राहिले. कुटुंबाने कोणालाही अंदाजाने आकडा सांगितला नाही.

ध्वनिमुद्रणांपैकी तीन वाजतात. एकात वडील तराजूच्या वजनांविषयी काही सांगू लागतात आणि वाक्य मध्येच तुटते. थोरला मुलगा तेवढे रोज ऐकतो. त्याने त्याच्या आता तीन प्रती केल्या आहेत; एक बहिणीच्या घरी, पुण्याला ठेवली आहे.