चौक नकाशावरचा आणि चालायचा

चंडीमंदिरला पोस्टिंग असताना रविवारी सकाळी मी सायकलवरून चंडीगडचे सेक्टर पालथे घालायचो. एनडीएत तीन वर्षं सायकल हाणलेल्या माणसाची खोड, दुसरं काय!

शहरांत आता बस, शेअर रिक्षा आणि भाड्याची सायकल एकाच ठिकाणी मिळावी, असं बोललं जातं. कल्पना उत्तम. अडतं ते जागेवर. नकाशासमोर बसलेल्या माणसाला चौक आवडतो. मोकळी जागा आणि एका ठिपक्यात चार सेक्टर!

चंडीगडचा सेक्टर म्हणजे साधारण 800 बाय 1200 मीटरचा आयत. मधोमध राहणाऱ्याला कोपऱ्यावरचा चौक रस्त्याने एक किलोमीटर पडतो. बाजूच्या मध्यावर थांबा असेल तर 400 ते 600 मीटर. ल कॉर्बूझिएने सेक्टरभोवतीचे व्ही-3 रस्ते वेगवान वाहनांसाठी आखले, घराचं दार त्यावर उघडू द्यायचं नाही असं ठरवून. म्हणजे रात्री नऊला तिथे उभ्या मुलीकडे बघायला एक खिडकीही नाही. दुकानं, दिवे, चहा हे सगळं सेक्टरच्या पोटातून जाणाऱ्या व्ही-4 वर. तो रस्ता जिथे बाहेर पडतो, तिथेच थांबा हवा. चार सेक्टरांऐवजी दोनच साधतील. साधू देत. चौकातले उरलेले दोन तसेही वाहनांच्या लोंढ्यापलीकडेच असतात.

हे मला आईने शिकवलं. ती साताऱ्याहून आली होती, गुडघे दुखरे. एका संध्याकाळी डॉक्टरांकडे निघालो, गाडी वर्कशॉपला. शेअर रिक्षाने चौकात उतरवलं. दवाखाना समोरच्या सेक्टरात. गाड्या थांबेनात. ती म्हणाली, "इथं माणसं पलीकडं जात्यात तरी कशी रं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फौजेत नकाशा पाहून कुणी मोर्चा खणत नाही. आधी रेकी, दिवसा आणि रात्रीही. थांब्याची जागा ठरवणाऱ्यांनी हातात पिशवी आणि सोबत एक म्हातारं माणूस घेऊन, पावसाळ्यातल्या संध्याकाळी तिथपर्यंत चालत जावं. शेअर रिक्षावाले कुठे घुटमळतात तेही बघावं. त्यांची रेकी रोज चालू असते, चुकली तर त्या दिवशीचं इंधन अंगावर येतं.

आम्ही त्या दिवशी पोचलो तेव्हा दवाखान्याचं शटर अर्धं खाली आलं होतं.