मुलांच्या हाती अद्भुताचे पुस्तक देण्यास भिऊ नका



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी ग्रंथपाल आहे. सोयाबीनची निंदणी आटोपून एका सायंकाळी एक गृहस्थ वाचनालयात आले आणि आपल्या मुलीने नेलेले पुस्तक त्यांनी माझ्या मेजावर ठेवले. पुस्तक जादूगारांच्या शाळेचे होते. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, दोन वर्षांपूर्वी आम्ही दीक्षा घेतली. देव्हारा उचलला, उतारे टाकणे सोडले, अंगात येणे सोडले. एवढ्या कष्टाने भूतखेत घराबाहेर काढले. आता तुम्ही ते पुस्तकाच्या वाटेने पुन्हा घरात पाठवता, हे कसे?"

त्या दिवशी मला धड उत्तर देता आले नाही. प्रश्न प्रामाणिक होता आणि तो आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात विचारला जातो. म्हणून त्याचे उत्तर सर्वांसमक्ष द्यावे असे मला वाटते.

प्रथम एक कबुली देतो. वाचनालय माझ्या हाती आले तेव्हा माझेही मत त्या गृहस्थांसारखेच होते. मुलांच्या कपाटात मी थोर पुरुषांची चरित्रे ठेवली, स्पर्धा परीक्षांची पुस्तके ठेवली, आणि अंतराळप्रवास, राक्षस, जादू, उडते गालिचे असले जे काही होते ते खालच्या फळीवर ढकलून दिले. परिणाम असा झाला की मुले एकदा येत आणि पुन्हा येत नसत. जी टिकली ती जमिनीवर उकिडवी बसून त्या खालच्या फळीशीच रमलेली मला दिसली. मग मीही ती पुस्तके वाचू लागलो, आणि आता या वयात त्यांचा लळा सुटत नाही, हे सांगावयास मला संकोच वाटत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पुराणातील चमत्कार आणि विज्ञानकथेतील वा अद्भुतकथेतील चमत्कार यांत भेद आहे काय? भेद आहे, आणि तो मोठा आहे. पोथी म्हणते, हे असेच घडले, यावर विश्वास ठेव, शंका घेशील तर कोप होईल. अद्भुतकथा म्हणते, समज, असे घडले तर काय होईल? पहिली श्रद्धा मागते, दुसरी केवळ कल्पना मागते, आणि शेवटचे पान उलटल्यावर तीही परत करते. पोथीने आपली जागा गावकुसाबाहेर ठरवून दिली आणि ती ईश्वराने ठरविली असे सांगितले. अद्भुतकथा कोणाची जागा ठरवीत नाही. जग आहे त्याहून वेगळे असू शकते, एवढेच ती मुलाच्या कानी घालते.

आपल्या धम्मालाही कल्पनेचे वावडे नाही. पालि जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. त्यांत हरिणे बोलतात, हत्ती त्याग करतात, पक्षी न्यायनिवाडा करतात. त्या ऐकून आपण हरिणाची पूजा मांडीत नाही. त्यातील वर्तनाचा विचार करतो. परंपरेने आले म्हणून वा ग्रंथात लिहिले आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या, हा जो उपदेश तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना केला, तोच मुलांच्या पुस्तकांसही लावावा. जे पुस्तक 'मान' म्हणते ते पारखून घ्या. जे 'विचार कर' म्हणते ते निःशंक घरी न्या.

आपल्या मराठीत असे साहित्य थोडके नाही. भा. रा. भागवतांनी १९५१ साली 'बालमित्र' हे मुलांचे मासिक सुरू केले आणि ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या अद्भुत कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या. व्हर्नने मनुष्यास चंद्राकडे धाडण्याची कथा १८६५ साली लिहिली. मनुष्य खरोखर चंद्रावर उतरला तो २० जुलै १९६९ रोजी, म्हणजे १०४ वर्षांनी. आधी कोणीतरी ते मनात पाहिले होते.

जयंत नारळीकरांचे उदाहरण तर आपण विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने. आपल्या कीर्तीमुळे परीक्षकांचा निर्णय झुकू नये, हा हेतू. कथेस पहिले पारितोषिक मिळाले. ज्या समाजात आडनाव कळताच माणसाचे मोल ठरते, त्या समाजात एका थोर शास्त्रज्ञाने आपले नाव झाकून केवळ लेखणी पुढे केली. आपल्या मुलांना असा निवाडा किती वेळा मिळतो, हे आपण जाणताच. नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. त्यांची 'धूमकेतू' ही कथा आपण मुलांसह अवश्य वाचावी. पृथ्वीवर येऊन आदळणारा धूमकेतू शास्त्रज्ञ आपल्या बुद्धीने टाळतात. इकडे त्याच वेळी घरात शांतीचा यज्ञ झालेला असतो आणि संकट टळल्याचे श्रेय यज्ञाला दिले जाते. दहा व्याख्यानांनी न साधणारे काम अशी एक कथा करून जाते.

कोणी म्हणेल, हे सारे दूरचे. तर जवळचे सांगतो. आपल्या वणीच्या खाणींतील कोळसा हा पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या वनस्पतींचा आहे. त्या काळी आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि आपला भारत हे सारे एकाच विशाल भूखंडाचे भाग होते. जगभरचे शास्त्रज्ञ त्या भूखंडास 'गोंडवाना' म्हणतात, आणि हे नाव आले आहे मध्य भारतातील गोंड लोकांच्या प्रदेशावरून. ज्या गोंड शेजाऱ्याला गावचा शहाणा माणूस अडाणी म्हणतो, त्याच्या मुलखाचे नाव अर्ध्या पृथ्वीला लाभले आहे. भागवतांनी मराठीत आणलेली 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' वाचून एका मुलाने मला विचारले, "आपल्या कपाशीच्या शेताखाली काय आहे?" मी त्याला सांगितले, खाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे आणि तो झिजूनच आपली काळी माती झाली. भूगोलाच्या धड्याने हा प्रश्न त्याला पडला नव्हता. तो पडला गोष्टीमुळे.

दुसरा आक्षेप असा की परीक्षेला या पुस्तकांचा काय उपयोग? आपल्या घरात पैसा थोडा, मुलांचा वेळ अमोल. तो गोष्टींत का दवडावा? हा आक्षेप गरिबीतून आलेला आहे, म्हणून मी त्यास हसत नाही. परंतु पुढील दोन जीवने पाहा.

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यात लेक सिटी नावाचे गाव आहे. १९५९ साली तेथील ग्रंथालयात रोनाल्ड मॅकनेअर नावाचा नऊ वर्षांचा कृष्णवर्णी मुलगा विज्ञानाची पुस्तके घेऊन मेजापाशी उभा राहिला. काळ्यांना येथे पुस्तके मिळत नाहीत, असे त्याला सांगण्यात आले. तो हलला नाही. पोलिसांना बोलावले गेले. अखेर त्याने पुस्तके घरी नेलीच. पुढे तो भौतिकशास्त्रज्ञ झाला, १९८४ साली अंतराळात जाऊन आला, आणि २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यानाच्या अपघातात मृत्यू पावला. त्या ग्रंथालयाच्या जुन्या इमारतीत आज त्याच्याच नावाचे स्मृतिसंग्रहालय आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी जे झाले, तेच लेक सिटीत पुस्तकासाठी झाले, असे म्हटले तर चूक होणार नाही.

दुसरे जीवन आपल्या काळजाजवळचे आहे. हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला याने १७ जानेवारी २०१६ रोजी जगाचा निरोप घेतला. कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हावे, ही आपली इच्छा होती, असे त्याने अखेरच्या पत्रात लिहून ठेवले. हा सेगन कोण? तो मोठा खगोलशास्त्रज्ञ होता आणि लहानपणी मंगळावरच्या कपोलकल्पित साहसकथांनी वेडा झाला होता. त्या वेडातून तो आकाशाकडे वळला, आणि त्याची पुस्तके वाचून आपल्या एका मुलाने ताऱ्यांचे स्वप्न पाहिले. रोहितची आई व भाऊ यांनी त्याच वर्षी १४ एप्रिलला मुंबईत धम्मदीक्षा घेतली. तो आपल्यातलाच होता. अशी स्वप्ने पाहणारी मुले आजही आपल्या घरांत आहेत. त्यांना नोकरीपुरतेच शिकवावे आणि ताऱ्यांविषयी बोलूच नये, असे म्हणणे म्हणजे जगाने आपल्यासाठी आखलेली मर्यादा आपणच मुलांना घालून देणे होय.

तथापि सावधगिरीचा एक शब्द सांगणे माझे कर्तव्य आहे. या साहित्यातही पुष्कळ खोट आहे. कित्येक कथांत नायक राजवंशातला म्हणूनच श्रेष्ठ, गोरा तो सज्जन आणि काळा तो दुष्ट, असे रचलेले असते. अशी कथा दडवू नये. ती मुलाबरोबर वाचावी आणि विचारावे, "हा राजा का? केवळ जन्मामुळे?" उर्सुला ले ग्विन या लेखिकेने १९६८ साली जादूगाराची कादंबरी लिहिली, तेव्हा आपल्या नायकाला मुद्दाम तांबूस-सावळा वर्ण दिला. २०२४ साली चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने जातिविरोधी विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह काढला. म्हणजे आपली माणसे आता या कथा केवळ वाचीत नाहीत, लिहीतही आहेत.

आणि ते परत आलेले पुस्तक? ते 'हॅरी पॉटर आणि परीस' होते. त्या कथामालेत शुद्ध रक्ताचा गर्व बाळगणारे जादूगार आहेत. सामान्य आईबापांच्या पोटी जन्मलेल्या हुशार मुलीला ते अशुद्ध रक्ताची म्हणून हिणवतात. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या राबणारे दास आहेत, आणि धन्याने एक वस्त्र हाती दिले तरच दास मुक्त होतो. हे वाचून आपल्या मुलीला कोणाची आठवण होईल, हे सांगावयास हवे काय? आठ दिवसांनी ते गृहस्थ पुन्हा आले तेव्हा मी त्यांना हेच सांगितले. ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "द्या. आधी मी वाचतो."

तेव्हा आपणांस माझे सांगणे थोडकेच आहे. आपल्या गावच्या वाचनालयात जा. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालापासून आहे. शासनाच्या अनुदानावर चालणारे ग्रंथालय ही आपली हक्काची जागा आहे. मुलांसाठी विज्ञानकथा मागवा, अशी लेखी मागणी करा. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, हा डॉ. रंगनाथनांनी १९३१ साली सांगितलेला नियम ग्रंथपालास मोडता येत नाही, याची त्याला आठवण द्या. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होतेच. वाचन संपल्यावर मुलांसाठी अर्धा तास राखून ठेवा आणि त्यांना एखादी कथा मोठ्याने वाचून दाखवा. वाचणारी मुलगी असेल तर अधिक चांगले.

बाबासाहेबांनी १९४८ साली आपला अस्पृश्यांविषयीचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्यांतील रविदासांनी पाचशे वर्षांपूर्वी दुःख नसलेल्या, कर नसलेल्या, कोणी उच्चनीच नसलेल्या बेगमपुरा नगरीची कल्पना केली. तसे नगर त्यांनी कधी पाहिले नव्हते. तरीही त्यांनी ते कल्पिले, म्हणून आपण आज त्याच्या दिशेने चालत आहोत. आपल्या मुलांनाही पुढची वाट दिसावयाची असेल, तर जे अजून नाही ते मनात पाहण्याची सवय त्यांना लहानपणीच लागली पाहिजे.

जयभीम.